आयोडीनची गोळी आणि निसटलेले तास : तारापूर ते चेर्नोबिल

१/ २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूर येथे भारतातील पहिल्या अणुवीज केंद्राची व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. अशा केंद्राभोवती १६ किलोमीटर त्रिज्येचे आपत्कालीन नियोजन क्षेत्र आखण्याची पद्धत भारतात रुजली. तेथील उपाययोजनांत एका साध्या क्षाराला मानाचे स्थान आहे : पोटॅशियम आयोडाइड.

२/ अणुभट्टीच्या मोठ्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन-१३१ हवेत मिसळू शकते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी आयोडीन शोषून घेते. ते साधे की किरणोत्सारी, हा भेद तिला कळत नाही. ती आधीच साध्या आयोडीनने भरलेली असेल, तर घातक आयोडीनला जागा उरत नाही. सर्वाधिक धोका बालकांना असतो.

३/ मात्र गोळीचे सामर्थ्य घड्याळाशी बांधलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य काळ म्हणजे संपर्कापूर्वीचे २४ तास ते संपर्कानंतरचे २ तास. ८ तासांपर्यंत काही उपयोग होतो. २४ तासांनंतर लाभापेक्षा हानीच संभवते.

४/ २६ एप्रिल १९८६. सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. लगतचे प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी रिकामे करण्यात आले. जगाला मात्र मॉस्कोने २८ एप्रिलच्या संध्याकाळी कळवले. दरम्यान खेड्यांतील गाई दूषित गवतावर चरत होत्या आणि मुले त्यांचे दूध पीत होती.

५/ शेजारच्या पोलंडने मॉस्कोच्या खुलाशाची वाट पाहिली नाही. मिकोलायकी येथील केंद्रात किरणोत्सार वाढल्याचे दिसताच २९ एप्रिलपासून आयोडाइडच्या द्रावणाचे वाटप सुरू झाले. सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना मात्रा मिळाली. ताज्या दुधावर निर्बंध आले. मुलांसाठी दुधाची भुकटी पुरवण्यात आली.

६/ बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघातसमयी लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतील मोठा वाटा किरणोत्सारी आयोडीनचा, विशेषतः दूषित दुधाचा, मानला जातो.

७/ मग घरचे आयोडीनयुक्त मीठ पुरेल काय? नाही. प्रौढाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. किलोमागे १५ मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या मिठातून तेवढे मिळवायचे, तर साडेसहा किलोंहून अधिक मीठ खावे लागेल! ते मीठ गलगंड टाळण्यासाठी आहे.

८/ यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकी तारापूरपासून सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे. मिकोलायकी चेर्नोबिलपासून त्याहूनही दूर होते. इतक्या अंतरावर घरोघरी गोळ्या साठवण्यापेक्षा हवेची व दुधाची तपासणी अधिक मोलाची. केंद्राजवळच्या गावांत मात्र साठा हाताशीच हवा.

९/ गोळी केवळ थायरॉईडचे रक्षण करते, अन्य किरणोत्सारापासून नाही. आणि ती आदेशाविना घ्यायची नसते. १९८६ चा धडा एवढाच : कपाटातील साठ्याला अर्थ येतो तो वेळेवर सांगितलेल्या सत्यामुळे.