छापील प्लास्टिक कार्ड : खिशातील ओळख आणि तिचे उपयोग

पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांच्या सीमा महाराष्ट्राला भिडलेल्या आहेत. पत्रादेवी किंवा दोडामार्गच्या नाक्यावर सोयरीक, बाजार आणि देवदर्शन यांना राज्याची हद्द आडवी येत नाही. मात्र इस्पितळाच्या खिडकीपाशी ती येते. १ जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यांतील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग परिसरात मोठा असंतोष उसळला होता. त्याआधी २०१६ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने गोमंतकीय कुटुंबांच्या हाती कार्ड दिलेच होते. किमान पाच वर्षे वास्तव्य असलेल्या, तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, असे तिचे स्वरूप ठरले. रात्री-अपरात्री रुग्णाला गाडीत घालताना हे कार्ड हाताशी असणे आणि त्याची मुदत संपलेली नसणे, या दोन गोष्टी घरातील एकाने तरी नियमित पाहत राहाव्यात.

बँकेचे, वाहन परवान्याचे किंवा इस्पितळाचे कार्ड आकाराने सारखेच का असते, याचे उत्तर आंतरराष्ट्रीय मानकात आहे. ८५.६० मिलिमीटर लांबी, ५३.९८ मिलिमीटर रुंदी आणि ०.७६ मिलिमीटर जाडी हे माप जगभर एकच असल्याने ते कोणत्याही पाकिटात बसते, कोणत्याही यंत्रात सरकते. कार्ड बहुधा पीव्हीसीचे असते. छपाईयंत्रात रंगफितीवरील रंग उष्णतेने पृष्ठभागात मुरवला जातो आणि त्यावर पारदर्शक थर चढतो. गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात कागदी ओळखपत्राला बुरशी येते, लॅमिनेशनच्या कडा सुटतात. प्लास्टिकला तो उपद्रव नाही. उष्णता मात्र त्याला मानवत नाही. ऐंशी अंश सेल्सियसच्या आसपास पीव्हीसी मऊ पडते, म्हणून मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेले कार्ड वाकते, हा अनुभव अनेक वाहनचालकांना असेल.

पेडण्यात अशा कार्डांचा सर्वांत काटेकोर वापर मोपा येथे दिसतो. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाला नागरी विमान सुरक्षा विभागाचा प्रवेश परवाना लागतो. धारकाला विमानतळाच्या कोणत्या भागात जाता येते, हेही त्यावरूनच ठरते. पूर्वी शेतात किंवा रेंदेरपणात गुंतलेल्या घरांतील तरुण गळ्यात असा परवाना अडकवून पाळीवर जातात, तेव्हा तो हरवणे म्हणजे त्या दिवसाचे काम अडणे. किनाऱ्यावरील मच्छीमारांसाठीही मुंबईवरील २००८च्या हल्ल्यानंतर केंद्राने बायोमेट्रिक ओळखपत्रांची योजना आणली. समुद्रात तपासणी झाली तर नावेवरील माणूस कोण, हे तेथल्या तेथे कळावे, हा तिचा हेतू.

सरकारी कार्डांपलीकडे, गावातील छपाईवाल्याकडून करून घेण्याजोगी कार्डे वेगळी. हरमल-मांद्रेतील लहान अतिथिगृहांना खोलीची चावी म्हणून चिपचे कार्ड परवडते. त्यावर खोलीचा क्रमांक छापू नये, एवढे पथ्य पुरेसे. हरवलेली किल्ली बदलण्यासाठी कुलूप फोडावे लागते, कार्ड मात्र यंत्रावर क्षणात रद्द होते. डिचोली औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत हजेरीसाठी, वाचनालयात सभासदत्वासाठी, दुकानात नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी हीच पद्धत. ज्या संस्थेचे सभासद पन्नासही नाहीत, तिने चिपचा खर्च टाळून साधा क्रमांक आणि छायाचित्र छापावे.

याहून महत्त्वाचा, पण दुर्लक्षित राहिलेला उपयोग म्हणजे आपत्कालीन कार्ड. मधुमेह, अपस्मार किंवा औषधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या खिशात रक्तगट, चालू औषध आणि घरच्याचा दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड असेल, तर १०८ रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्याचा वेळ वाचतो. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत मे २०२५ मध्ये चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. अशा गर्दीत बेशुद्ध माणूस किंवा घरच्यांपासून सुटलेले मूल स्वतःचा ठावठिकाणा सांगू शकत नाही. मुलाच्या कार्डावर मात्र दर्शनी बाजूस नाव ठळकपणे छापणे धोक्याचे. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल विश्वासाने जाते. नाव आतल्या बाजूस आणि पालकाचा क्रमांक बाहेर, ही रचना बरी.

आधारच्या बाबतीत वेगळी सावधगिरी हवी. बाजारात आधार प्लास्टिकवर छापून देणारे अनेक आहेत. प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्येच अशा छपाईत क्यूआर कोड निकामी होण्याची आणि माहिती परक्या हाती जाण्याची शक्यता दाखवून दिली होती. जानेवारी २०२२ मध्येही बाजारातील पीव्हीसी प्रतींना नापसंती दर्शवली. ऑक्टोबर २०२० पासून प्राधिकरण स्वतःच होलोग्राम, सूक्ष्म अक्षरे आणि सुरक्षित क्यूआर कोड असलेले कार्ड ऑनलाइन मागणीनुसार स्पीड पोस्टने पाठवते. आरंभी त्याचे शुल्क टपालखर्चासह ५० रुपये होते. घरी छापलेला कागदी ई-आधारही तितकाच वैध असल्याने प्लास्टिकचा हट्ट कोणावरच नाही. दुकानात छापून घेतलेच, तर आपली फाइल दुकानाच्या संगणकावरून आणि व्हॉट्सॲपवरून समोर उभे राहून पुसून घ्यावी.

चिपच्या कार्डाला गळ्यातील दोरीसाठी भोक पाडायचे असल्यास छापणाऱ्याला आधी विचारावे, कारण आतील तारेचे वेटोळे कडेने फिरते आणि ते तुटल्यास कार्ड कायमचे बंद पडते. जुने कार्ड टाकताना चिप आणि क्रमांक कात्रीने वेगवेगळे कापावेत. शेणीच्या राशीत किंवा पालापाचोळ्याबरोबर ते जाळू नये; पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाचे विषारी वाफारे असतात. पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात ते द्यावे.