फोल्डर कोणाकोणाला उघडतो?

१९९३ साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही फाइल सिस्टीम आली आणि प्रत्येक फोल्डरला परवानग्यांची स्वतःची यादी (एसीएल) मिळाली. नवा शेअर केला की मात्र मूळची परवानगी 'एव्हरीवन, फुल कंट्रोल'! ती सर्व्हर २००३ मध्ये नुसती वाचण्यापुरती उरली.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळायला लागलो तेव्हा जुने शेअर तसेच होते. ऑडिटर विचारायचे, पगाराचा फोल्डर कोण उघडू शकतं? मग राइट-क्लिक, सिक्युरिटी टॅब, एकेक नाव वहीत. परवानग्या दाखवणाऱ्या कॅकल्स कमांडच्या बॅच फायलींनी हात वाचले, पण त्यांतून निघालेला मजकूर चाळण्यात दिवस जाई.

खरा फरक पडला २००६ च्या पॉवरशेलमुळे. त्यात एका कमांडकडून दुसरीकडे नुसता मजकूर जात नाही, गुणधर्मांसकट अख्खा ऑब्जेक्ट जातो. 'गेट-एसीएल' चालवायचं, वरच्या फोल्डरकडून आलेल्या परवानग्या गाळायच्या, उरलेलं सीएसव्हीत. त्यात नावाच्या जागी 'एस-१-५-२१'ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसला, की बहुधा माणूस नोकरी सोडून गेलेला, खातं पुसलेलं, नोंद तेवढी राहिलेली. परवानगी गटाला दिलेली असेल आणि गटात गट असतील तर ते उलगडल्याशिवाय मी यादी देतच नाही. पगाराचे आकडे कोणाकोणाला दिसतात हे कामगारांना नेमकं कळलंच पाहिजे.