जीपचा मागचा दिवा आणि हेन्रींचे वजन

आकाशदर्शनासाठी मुलांना घेऊन एखाद्या पठारावर जीपने गेलेल्या शिक्षकांना हा प्रसंग ओळखीचा असेल. अमावास्येची रात्र, दोन्ही बाजूंना झुडपे, वाट जेमतेम एका गाडीपुरती. चुकीच्या फाट्याला शिरलेली जीप आता मागे घ्यायची असते. पुढच्या दिव्यांचा झोत समोरच्या टेकडीवर, आणि जिकडे जायचे तिकडे मात्र काळोख! मग कोणीतरी विजेरी घेऊन खाली उतरते आणि "येऊ द्या, येऊ द्या... थोडं डावीकडे... बस्स!" असा पुकारा सुरू होतो. मागे खड्डा आहे, दगड आहे की खाली उतरलेले एखादे मूल उभे आहे, हे चालकाला स्वतःला दिसत नसते.

गाडी मागे घेताना लागणारा पांढरा दिवा जीपला असतो, पण तो साधारण २१ वॅटचा. म्हणून रानावनात गाडी नेणारे लोक मागच्या बाजूला दोन जास्तीचे प्रखर दिवे बसवून घेतात. काम वरवर सोपे वाटते: आधीच्या दिव्याची तार सोलायची आणि नव्या दिव्यांच्या तारा तिला जोडायच्या. जाणता वायरमन मात्र असे करत नाही. तो आधी काड्यापेटीहून लहान अशी एक काळी डबी मागवतो. तिला 'रिले' म्हणतात. ही डबी कशासाठी, याचे उत्तर शोधायला गेलो तर आपण सुमारे १९० वर्षे मागे, एका शिक्षकाच्या वर्गात जाऊन पोहोचतो.

दिसण्यासाठी दिवा, पाहण्यासाठी दिवा

गाडीला मागे दिवा कशासाठी असतो? मुलांना हा प्रश्न विचारून पाहावा. बहुतेक मुले सांगतील, "मागून येणाऱ्याला आपली गाडी दिसावी म्हणून." हे उत्तर बरोबर आहे आणि इतिहासही तेच सांगतो. मागचा दिवा फार काळ केवळ 'दिसण्यासाठी' होता, 'पाहण्यासाठी' नव्हता.

मूळ जीपचेच उदाहरण घेऊ. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीची मागणी केली. बँटम कंपनीने पहिला नमुना तयार केला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. या गाडीला मागे जाताना लागणारा दिवा नव्हताच. तिच्या मागे ब्लॅकआउटचे मंद दिवे होते. त्यांच्या फटींची रचना मोठी गमतीची होती. मागच्या गाडीचा चालक अगदी जवळ असेल तर त्याला चार ठिपके दिसत, थोडा लांब असेल तर त्यांचे दोन होत आणि आणखी लांब गेला की एकच ठिपका उरे. ठिपक्यांमधला कोन फार लहान झाला की आपल्या डोळ्याला ते वेगवेगळे दिसत नाहीत, या साध्या गुणधर्माचा हा उपयोग! ठिपके मोजून चालक पुढच्या गाडीपासूनचे अंतर राखत असे. पण या दिव्यांचा स्वतःच्या चालकाला मागचे पाहण्यासाठी काही उपयोग नव्हता.

युद्ध संपले आणि जीप शेतावर, जंगलात, धरणांच्या कामांवर गेली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे महाराष्ट्रातल्या कच्च्या रस्त्यांना तिची सवय झाली. मागे जाताना लागणारा पांढरा दिवाही हळूहळू सर्वच गाड्यांवर आला. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस तो सक्तीचा झाला. मात्र त्याचे पहिले काम इशाऱ्याचेच राहिले: "सावध, ही गाडी मागे येते आहे." डांबरी, दिव्यांच्या रस्त्यावर तेवढे पुरते. पठारावरच्या वाटेवर ते पुरत नाही.

थोडे गणित करू

आता तो वायरमन तार थेट का जोडत नाही ते पाहू. जीप मागच्या गिअरमध्ये टाकली की गिअरबॉक्सवरचा एक छोटा स्विच दाबला जातो आणि मागच्या दिव्यांना वीज मिळते. २१ वॅटचे दोन दिवे म्हणजे ४२ वॅट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून प्रवाह ४२ ÷ १२ = ३.५ अँपिअर. तो बारीक स्विच आणि त्याची बारीक तार एवढ्यासाठीच बनवलेली असते.

आता ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे याच तारेवर जोडले, तर आणखी ११० वॅट, म्हणजे सुमारे ९.२ अँपिअरची भर पडेल. एकूण प्रवाह १२.७ अँपिअर झाला. समजा, तार, स्विच आणि सांधे यांचा मिळून रोध ०.२ ओहम आहे. आधी या वाटेत (३.५ × ३.५ × ०.२) म्हणजे सुमारे अडीच वॅट उष्णता होत होती. आता (१२.७ × १२.७ × ०.२) म्हणजे सुमारे ३२ वॅट! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा डाग देण्याचा सोल्डरिंग आयर्न बऱ्याचदा २५ वॅटचा असतो. म्हणजे प्लॅस्टिकच्या आवरणात एक तापलेला सोल्डरिंग आयर्न दडवून ठेवल्यासारखेच झाले. प्रवाह साडेतीनपट झाला, पण उष्णता जवळजवळ तेरापट झाली, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

शिवाय दिवेही नीट लागत नाहीत. तारेतच अडीच व्होल्टच्या आसपास दाब खर्च होतो आणि दिव्यापर्यंत साडेनऊ व्होल्ट पोहोचतात. तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाबरोबर फार झपाट्याने घटतो. दाब पाचव्या हिश्शाने कमी झाला की प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. (दाब घटल्यावर प्रवाहही थोडा घटतो, पण अंदाजासाठी हे गणित पुरेसे आहे.)

सुदैवाने बहुधा त्याआधी फ्यूज उडतो. खरा धोका त्यानंतरचा. 'फ्यूज सारखा उडतो' म्हणून कोणी जास्त अँपिअरचा फ्यूज घातला किंवा तिथे साधी तार गुंडाळली, तर गाडीतल्या तारा पेटायला वेळ लागत नाही. सावध करणाऱ्याचेच तोंड बंद केल्यासारखे ते होते.

मग उपाय कोणता? प्रवाह तर मोठाच हवा, पण तो बारीक स्विचमधून जाता कामा नये.

सुट्टीत संशोधन करणारा शिक्षक

हा प्रश्न मोटारीच्या जन्माआधीच सुटलेला होता. अमेरिकेतील ऑल्बनी या गावच्या अकॅडमीत १८२६ पासून जोसेफ हेन्री (१७९७–१८७८) गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत असत. दिवसभर तासिका असत. प्रयोगांना जागा मिळे ती मुख्यतः ऑगस्टच्या सुट्टीत, वर्ग रिकामे झाल्यावर. इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये लोखंडाच्या नालाला वार्निश देऊन त्यावर उघड्या तारेचे विरळ वेढे दिले होते आणि विद्युतचुंबक बनवला होता. हेन्रींनी लोखंडाऐवजी तारेलाच आवरण चढवले. त्यामुळे वेढ्यांना वेढे भिडवून, थरावर थर देऊन तार गुंडाळता येऊ लागली. १८३१ मध्ये त्यांच्या एका चुंबकाने सुमारे ३४० किलो वजन उचलले आणि येल कॉलेजसाठी बनवलेल्या चुंबकाने ९०० किलोंहून अधिक.

या खटाटोपात त्यांना एक महत्त्वाची गोष्ट उमगली. चुंबक दोन प्रकारचे करता येतात. एकाला तारेची अनेक आखूड वेटोळी असतात. तो एका मोठ्या विद्युतघटावर प्रचंड वजन उचलतो, पण घटापासून लांब नेला की निकामी होतो. दुसऱ्याला एकच लांब तार असते. तो अनेक घटांच्या मालिकेवर चालतो, ताकद थोडी, पण मैलभर तारेच्या टोकालाही काम करतो. हेन्रींनी मैलाहून लांब तारेच्या टोकाला असा चुंबक ठेवून घंटा वाजवून दाखवली.

१८३२ मध्ये ते प्रिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे १८३५ च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांसमोर हे दोन्ही चुंबक एकत्र आणले. एका मोठ्या चुंबकाला भले थोरले वजन चिकटवून टांगलेले असे. त्याच्या मंडलातील तारेची टोके पाऱ्याच्या वाट्यांत बुडालेली असत. लांबून क्षीण प्रवाह सोडला की एक लहानसा चुंबक ती तार पाऱ्यातून वर उचले, मोठे मंडल तुटे आणि वजन धाडकन खाली कोसळे. मुले दचकत असणार, यात शंका नाही. क्षीण प्रवाहाने वजन उचलले नव्हते, पाडलेही नव्हते. त्याने फक्त हुकूम दिला होता. काम दुसऱ्याच प्रवाहाचे होते.

रिलेचे सारे तत्त्व एवढ्यात आले. हेन्रींनी त्याचे पेटंट घेतले नाही.

ताज्या घोड्यांचा टप्पा

तारायंत्राच्या मागे लागलेल्या सॅम्युएल मोर्स यांना ही अडचण फार जाणवली. तारेची लांबी वाढली की त्यांचे यंत्र गप्प होई. त्यांचे सहकारी प्राध्यापक लेनर्ड गेल यांनी हेन्रींचा १८३१ चा लेख वाचलेला होता. त्यांच्या सल्ल्याने मोर्स यांनी घट वाढवले, चुंबकाचे वेढे वाढवले आणि यंत्र मैलोगणती तारेवर चालू लागले. इंग्लंडमध्ये एडवर्ड डेव्ही यांनीही १८३८ च्या पेटंटात तारेतला दुबळा प्रवाह ताज्या प्रवाहाला चालना देतो अशी योजना मांडली होती. १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार सुरू झाली आणि पुढे लांबच्या तारमार्गांवर रिले अपरिहार्य झाले. दमलेला घोडा टप्प्यावर सोडून ताज्या घोड्यावर डाक पुढे न्यावी, त्या बदलीच्या घोड्यांसाठी 'रिले' हा शब्द होता. तोच इथे आला. आपल्याकडची तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, पण तिच्यासाठी वाढवलेले हे साधन टिकून आहे.

मोटारीत मोठा प्रवाह शिरला तो १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत, चार्ल्स केटरिंग यांच्या विजेच्या स्टार्टरबरोबर. स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर लागू शकतात. युद्धातल्या जीपमध्ये त्याचे दणकट बटण चालकाच्या पायाखाली होते आणि हा सारा प्रवाह त्या बटणातूनच जात असे. पुढे चालकाच्या हाती फक्त किल्ली आली. किल्ली क्षीण प्रवाह सोडते, तो विद्युतचुंबक चालवतो आणि जाड तारेचा सांधा जुळतो. १९६२ पासून युरोपात गाड्यांना हॅलोजन दिवे बसू लागले. प्रखर दिव्यांच्या जोडकामात तीच काळी डबी वायरमनच्या हाती आली.

डबीच्या आत

रिलेच्या पायांवर सहसा ८५, ८६, ३० आणि ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ ही आतल्या गुंडाळीची टोके. गाडीच्या मूळ मागच्या दिव्याची तार यांपैकी एकीला आणि दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला, म्हणजे 'अर्थ'ला जोडतात. ३० ला बॅटरीपासून जाड तार येते आणि तिच्यावर बॅटरीजवळच योग्य फ्यूज असतो. ८७ मधून जाड तार नव्या दिव्यांकडे जाते. गुंडाळीला साधारण ०.१५ अँपिअर लागतो. म्हणजे गिअरबॉक्सच्या स्विचवर पडणारा जास्तीचा भार ९.२ ऐवजी ०.१५ अँपिअर! मागचा गिअर काढला की दिवे आपोआप विझतात. हेही महत्त्वाचे आहे, कारण चुकून चालू राहिलेला पांढरा झोत मागच्या चालकाचे डोळे दिपवतो. म्हणून असे दिवे वाहन नियमांना धरूनच लावावेत.

आता एलईडी आले आहेत. १८ वॅटचे दोन एलईडी दिवे एकूण ३ अँपिअरच घेतात. त्यामुळे उष्णतेचे गणित पुष्कळ सौम्य झाले आहे. तरीही ३.५ चे ६.५ अँपिअर होतातच, आणि उष्णता सव्वातीनपटींहून अधिक वाढते. म्हणून रिलेची गरज संपलेली नाही.

वर्गात करून पाहा

लोखंडाच्या मोठ्या खिळ्यावर इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे शंभरएक वेढे द्या आणि तारेची टोके खरवडून घ्या. खिळ्याच्या डोक्यासमोर डब्याच्या पत्र्याची लवचीक पट्टी अशी बसवा, की ती खिळ्याकडे ओढली गेली की मध्येच दुसऱ्या एका उघड्या तारेला टेकेल. ही पट्टी आणि ती तार विजेरीच्या बल्बच्या मंडलात घ्या. गुंडाळी एका सेलला क्षणभर जोडली की 'टक्' आवाज होऊन बल्ब लागतो. सेल जोडून ठेवू नका, तार तापते. गाडीची बॅटरी मात्र वर्गात आणू नये. तिची दोन टोके चुकून जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहू शकतात.

नंतर जवळच्या एखाद्या जीपवाल्याला विनंती करा. असे दिवे लावलेली जीप सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन बंद ठेवून उभी असावी. मुलांना गाडीच्या बाजूला उभे करा. चालकाने नुसती किल्ली फिरवून मागचा गिअर टाकला, की आतून तोच 'टक्' आवाज ऐकू येईल आणि मागची जमीन उजळेल. मुलांना विचारा: आवाज कोणत्या प्रवाहाने केला आणि उजेड कोणत्या प्रवाहाने पडला?