बांधकामाच्या आगाऊ रकमांचे संरक्षण (वाशीम जिल्हा)

घर, सदनिका किंवा भूखंडासाठी ग्राहकाने बिल्डर, विकासक वा ठेकेदाराला आधी दिलेला पैसा त्याच कामाला लागावा, न लागल्यास तो परत मिळावा, यासाठी केलेल्या कायदेशीर तरतुदी. महाराष्ट्रात त्या मुख्यतः तीन कायद्यांत आहेत : १९६३ चा महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा (मोफा), २०१६ चा स्थावर संपदा कायदा (रेरा) आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. रेराची चर्चा सर्वाधिक झाली. पण वाशीमसारख्या जिल्ह्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला खरा आधार ग्राहक कायद्याचाच आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे बारा लाख, आणि त्यांतले शहरांत राहणारे अठरा टक्क्यांहून कमी. इथे घर म्हणजे बहुधा आपला प्लॉट किंवा गावठाणातली जागा आणि स्क्वेअर फुटाच्या भावाने ठरवलेला ठेकेदार. काम ‘लेबर रेट’ने द्यायचे की ‘मटेरियलसह’, एवढाच प्रश्न. सोयाबीनचे पैसे हाती आले की पाया खोदायचा आणि पावसाआधी स्लॅब टाकून मोकळे व्हायचे, असा अनेकांचा बेत असतो. मटेरियलसह काम घेणारा सळई-सिमेंटचे भाव वाढतील म्हणून मोठी उचल मागतो. फसवणुकीचा नेहमीचा प्रकार इथेच घडतो : ती उचल दुसऱ्या कुणाच्या अडलेल्या स्लॅबला जाते, आणि आपले काम जोत्यावर थांबते.

आगाऊ रक्कम ही विश्वस्त निधीसारखी मानण्याचे तत्त्व महाराष्ट्राने १९६३ मध्येच कायद्यात आणले. मोफाच्या कलम ४ नुसार किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंतची आगाऊ रक्कमदेखील लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय घेता येत नाही. कलम ५ प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डर वा विकासकाला, त्या रकमेचे स्वतंत्र खाते ठेवायला लावते आणि त्याला तिचा विश्वस्त ठरवते. त्या पैशांचा अपहार केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा चांगला होता, पण तक्रार ऐकणारी वेगळी यंत्रणा त्यात नव्हती. खाते उघडले की नाही हे कुणी पाहिलेच नाही.

ती उणीव रेराने भरून काढली. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांच्या दाखल्याशिवाय ती काढता येत नाही, आणि काढायची तीही झालेल्या कामाच्या प्रमाणातच. नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास मनाई आहे. महाराष्ट्राच्या नियमांतील नमुना करारात टप्पेही बांधून दिले आहेत : करारानंतर एकूण तीस टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर पंचेचाळीस, सर्व स्लॅब झाल्यावर सत्तर. ताबा मुदतीत न मिळाल्यास कलम १८ नुसार पैसे व्याजासह परत मागता येतात. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, आदेशाची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते, म्हणजे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदाराकडे जाते.

मात्र जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठांपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. छोट्या शहरांतल्या दोन-तीन मजली इमारती यामुळे सहज बाहेर राहतात. त्यांना मोफा आहे. प्लॉट पाडून विकले जाणारे मोठे ले-आऊट मात्र रेरात येतात, त्यामुळे इसार देण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक तपासलाच पाहिजे. ग्राहकाच्याच जागेवर त्याच्यासाठी घर बांधून देणारा ठेकेदार रेराच्या अर्थाने प्रवर्तकच नाही. त्याने उचल कोणत्या खात्यात ठेवावी, किती घ्यावी, यावर महाराष्ट्रात बंधन नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला करार होताना दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी कमी असेल तेवढीच रक्कम घेता येते. अशी मर्यादा आपल्याकडे नसणे हा कायद्यातला मोठा दोष आहे.

ठेकेदाराविरुद्धचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक कायद्यात ‘सेवा’ या व्याख्येतच गृहबांधणी आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. मुलांच्या नोकरीसाठी पुण्यात फ्लॅट बुक करणाऱ्या रिसोड-कारंज्याच्या कुटुंबांना ही सोय मोलाची आहे. रेरा असला तरी ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात (२०२०) स्पष्ट केले. आयोगाचा आदेश न पाळल्यास ग्राहक कायद्याच्या कलम ७२ नुसार एक महिना ते तीन वर्षे कैद होऊ शकते.

भारतीय न्याय संहितेतील कलम ३१६ (विश्वासघात) आणि ३१८ (फसवणूक) हा फौजदारी मार्ग. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी पैसे घेतानाच लबाडीचा हेतू होता हे दाखवावे लागते. त्यामुळे पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ असे उत्तर अनेकदा मिळते.

सगळ्याच मार्गांवर खरा अडसर पुराव्याचा. रोख दिलेली उचल, वहीच्या पानावरचा हिशोब आणि तोंडी भाव यांवर आयोगापुढे टिकणे कठीण. पंतप्रधान आवास योजना-ग्रामीणचे अनुदान लाभार्थ्याच्या खात्यात कामाच्या टप्प्यांनुसार, फोटो तपासून जमा होते. स्वतःच्या पैशाने बांधणाऱ्यानेही तेच करावे : भाव, मटेरियलचा दर्जा, टप्पे आणि मुदत कागदावर, पैसे बँकेतून, आणि प्रत्येक हप्त्याआधी झालेल्या कामाचे मोजमाप. काम अडले तर आधी लेखी नोटीस द्यावी, सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ठेकेदाराच्या तोंडी वायद्यांवर विसंबून ती घालवू नये.