दोन बॅटऱ्या आणि एक झडप

मल्लेश्वरमहून बोलतोय.

परवा भाचा त्याची कॅम्पर व्हॅन घेऊन आला. आत फ्रिज, पंखा, दिवे, सगळा संसार. मला म्हणाला, "मामा, गाडीला एक बॅटरी असतेच. मग दुसरी कशाला?"

उत्तरासाठी मला सिक्कीमला जावं लागलं. मी सिग्नल्समध्ये नवा लेफ्टनंट होतो. रेडिओची बॅटरी उतरली म्हणून रात्री सेट गाडीच्या बॅटरीला जोडला. पहाटे एका जवानाची तब्येत बिघडली, त्याला ताबडतोब खाली न्यायचं होतं. सेल्फ मारला, तर नुसतं 'टक्'. थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते, उरलेली मी संपवली होती. नशिबाने उतार होता. धक्का मारून गाडी सुरू झाली आणि जवान वाचला. पण चूक माझी होती.

आता इतिहास पाहू. पुन्हा चार्ज होणारी शिशाची बॅटरी 1859 मध्ये फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी केली. तरी मोटारी बरीच वर्षं हँडल मारूनच सुरू होत. 1912 मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ आला आणि बॅटरी मोटारीचा प्राण झाली. ती भरायला इंजिनावर फिरणारा डायनॅमो होता. तो मंद फिरला की दाब बॅटरीपेक्षा कमी होई आणि करंट उलटा वाहू लागे. त्यावर उपाय होता कट-आउट, म्हणजे विजेची झडपच. दाब पुरेसा झाला की जोडणार, घटला की तोडणार.

1960 च्या सुमारास सिलिकॉन डायोड स्वस्त झाले, तसा मोटारींत अल्टरनेटर आला. तो इंजिन रिकामं फिरत असतानाही बऱ्यापैकी चार्ज देतो. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून कट-आउट गेला. झडपेचं काम मात्र राहिलं.

तेच काम व्हॅनमध्ये रिले करतो. इंजिन चालू होऊन दाब 14 व्होल्टच्या आसपास गेला की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, इंजिन बंद झालं की तोडतो. मग रात्रभर फ्रिज चालवा, घरची बॅटरी रिकामी होईल, पण सेल्फची शाबूत राहील. छतावरचं सोलर पॅनेल घरची बॅटरी वेगळी भरतं.

आता नवी अडचण आहे. काही नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवायला दाब मुद्दाम उतरवतात. तिथे साधा रिले फसतो. शिवाय लिथियम बॅटरी इतका करंट ओढते, की अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात. तो दाब हवा तेवढा करतो आणि करंटला लगाम घालतो.

आमच्या बंगळुरूचंही असंच झालं. 1902 मध्ये शिवनसमुद्रची वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. शहरात दिवे लागले 1905 मध्ये. साठा मर्यादित असला, की आधी कोणाला हे कुणीतरी ठरवावंच लागतं. खाणींच्या बाबतीत ते सरकारने ठरवलं, व्हॅनमध्ये रिले ठरवतो. सिक्कीममध्ये ते मी ठरवायचं होतं.

भाच्याला एवढंच सांगितलं, "फ्रिज बंद पडला तर दूध नासेल. सेल्फ बंद पडला तर माणूस अडकेल."

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.