काळ्या डोंगरांचे मोल

अमेरिकेत मिसूरी नदीच्या पश्चिमेस अफाट गवताळ मैदाने आहेत. तेथील लाकोटा लोक आपल्याला भेटतात ते बहुधा चित्रपटांत, आणि तेही घोड्यावरून आरोळ्या ठोकणारे शत्रू म्हणून. त्यांची खरी ओळख निराळी आहे.

बायसन या गव्यासारख्या जनावरावर त्यांचे जीवन उभे होते. त्याचे मांस हे अन्न, त्याचे कातडे हा तंबू, आणि इतिहासाची वहीही तेच कातडे. वर्षातील एक घटना वडीलधारी मंडळी निवडीत व तिचे चित्र त्यावर काढीत. राजा त्यांच्यात नव्हता. ज्याचे शौर्य व दातृत्व अनुभवास येई, त्याच्यामागून लोक जात. न पटल्यास बिऱ्हाड हलवीत.

असाच एक नायक रेड क्लाउड. 1866 पासून दोन वर्षे लढून त्याने आपल्या शिकारीच्या मुलखातील किल्ले सैन्यास सोडावयास लावले. 1868 च्या फोर्ट लॅरमीच्या तहाने ब्लॅक हिल्स हे पवित्र डोंगर लाकोटांकडे राहिले. तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांवाचून ही भूमी घेता येणार नाही, असे कलमही तहात होते.

परंतु 1874 मध्ये कस्टरच्या सैन्याबरोबर गेलेल्या लोकांना तेथे सोने सापडले. पुढच्याच वर्षी सरकारने डोंगर विकत मागितले. लाकोटांनी नकार दिला. तेव्हा 31 जानेवारी 1876 पूर्वी सरकारी ठाण्यांवर हजर व्हावे, असा हुकूम ऐन हिवाळ्यात सुटला. जूनमध्ये लिटल बिगहॉर्न नदीकाठी सिटिंग बुल व क्रेझी हॉर्स यांच्या लोकांनी, शायेन मित्रांसह, कस्टरचा पुरता पराभव केला.

रणात जय मिळाला, पण पुढची लढाई भुकेशी होती. डोंगर सोडल्यावाचून शिधा नाही, अशी अट सरकारने घातली. जेमतेम एक दशांश पुरुषांच्या सह्यांवर 1877 मध्ये डोंगर गेले. त्याच वर्षी क्रेझी हॉर्स पहाऱ्यात असताना संगिनीने मारला गेला. सिटिंग बुल कॅनडात गेला, उपासमारीने 1881 मध्ये परतला, आणि 15 डिसेंबर 1890 रोजी अटकेच्या वेळी गोळी लागून पडला. दोनच आठवड्यांनी वुंडेड नी येथे सैन्याने स्त्रियामुलांसह दीडशेहून अधिक लाकोटांचा संहार केला.

येथे ही कथा संपली, असे पुष्कळांना वाटले. परंतु 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही भूमी घेतल्याबद्दल भरपाई देणे लागते, असा निर्णय दिला. व्याजासह ती दहा कोटी डॉलरांहून अधिक होती. दारिद्र्यात दिवस काढणाऱ्या लाकोटांनी ती नाकारली. पैसा घेतला म्हणजे विक्री झाली, आणि डोंगर तर त्यांनी कधी विकलेच नव्हते. 1875 मध्ये पूर्वजांनी दिलेले उत्तरच त्यांनी पुन्हा दिले.