रिव्हेट झेलणारा

परवा द्वारका चौकात नेहमीप्रमाणे अडकलो होतो. डोक्यावर मुंबई-आग्रा रस्त्याचा उड्डाणपूल. बाहेरून काँक्रीट, पण अशा पुलाच्या पोटात लोखंडच असतं. सळईवर सळई आडवी आली की तिथे तारेची गाठ. हुक फिरवायचा, पुढे सरकायचं. ऑफिसात ऑटोमेशनवर आमच्या रोज चर्चा झडतात, त्यात हा हुकवाला कधीच नसतो.

पण लोखंडकाम करणाऱ्यांनी हा धक्का आधीच खाल्लाय. १९४३ साली खुला झालेला हावडा ब्रिज घ्या. साडेसव्वीस हजार टन पोलाद, रिव्हेटनी जोडलेलं. त्या काळी रिव्हेट मारायला चौघांची टोळी लागे. एक जण भट्टीत रिव्हेट लाल करून चिमट्याने फेकणार, दुसरा तो डब्यात झेलणार (तेही उंचावर, बरं का!), तिसरा मागून आधार देणार, चौथा ठोकून डोकं बसवणार. १९५०च्या दशकापासून हाय-स्ट्रेंग्थ बोल्ट आले आणि टोळी मोडली. रिव्हेट झेलणारं यंत्र कुणी बनवलंच नाही, झेलायचं कामच गेलं!

आता अमेरिकेत गाठी मारणारा टायबॉट नावाचा रोबो आहे. पण तो पुलाच्या सपाट डेकवर चालतो, आणि सळया आधी अंथरून ठेवाव्या लागतात. मला जास्त भीती वाटते ती कारखान्यातून वेल्ड होऊन येणाऱ्या जाळीची. तिला गाठी फारशा लागतच नाहीत. आपल्याकडे सळईकामाची मजुरी बहुतेकदा वजनावर ठरते, किलोमागे किंवा टनामागे. जाळीचं वजन भरेल, पण ते हुकवाल्याच्या हिशेबात धरणार कोण?